मधेच म्हटलेली प्रार्थना

खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं म्हणून मी ती प्रार्थना म्हटली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. इस्राएलात लोदला एका आजीबाईंना सांभाळायच्या कामावर मी होते. शनिवारी ज्यूंच्या शब्बाथची सुट्टी. तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या आम्ही दहा-बारा ख्रिस्ती बायका एकीच्या खोलीवर उपासनेला जमायचो. मी गावाकडे दोन वर्षं धर्मशिक्षण घेतलेली, म्हणून मी सगळ्यांची ताई. बायकांनी स्वतः उभं राहून बायबलवरून संदेश द्यायला शिकावं, दर वेळी पाळकाच्या तोंडाकडे काय बघायचं, असं मीच ठणकावून सांगायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

त्यातली एक पुढे लांब बेर्शेबाला कामाला लागली. सातवी शिकलेली. शनिवारी बस नसते, त्यामुळे तिकडच्या बायकांना आमच्याकडे येता येत नसे. त्यांच्यासाठी तिला तिथंच उपासना सुरू करायची होती. "आधी एक संदेश देऊन दाखव, मग बघू," मी म्हटलं. बिचारी शुक्रवारी दुपारच्या बसनंच आली आणि खोलीवर पथारी टाकून झोपली.

दुसऱ्या दिवशी उभी राहिली. मी लिहून दिलेल्या कागदातल्या दोन ओळी वाचल्या आणि चक्क त्याची घडी घातली. मग आपण सांभाळत होती त्या म्हातारीबद्दल बोलायला लागली. तिची कूस बदलताना, जखमा पुसताना आधी किळस कशी यायची. आणि एक दिवस त्या म्हातारीनंच हिचा हात धरून हिच्यासाठी हिब्रूत आशीर्वाद कसा मागितला. बायका ओढणीनं डोळे पुसायला लागल्या. माझ्या संदेशाला जांभया देणाऱ्या ह्याच बायका!

माझा नुसता जळफळाट झाला. मी उठले. "आपण प्रार्थनेत डोकी लववू या." प्रार्थनेत मधे कोण बोलणार? वाक्य अर्धं टाकून तिनंही मान खाली घातली. मी चांगली दहा मिनिटं प्रार्थना केली.

नंतर कप विसळताना तिनं हळूच विचारलं, "ताई, माझं भरकटलं होतं का हो?"

"हो गं," मी म्हटलं. "अजून वर्षभर शीक. बेर्शेबाचं मग बघू."

बेर्शेबाची उपासना पुढे सुरू झालीच नाही. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या वेळी तिचा चेहरा पडला, पण रागावली नाही. म्हणाली, "मला लई घाई होते, ताई. माझ्यासाठी प्रार्थना करा ना."

आणि मी केली. तिच्या डोक्यावर हात ठेवून, खड्या आवाजात. तिनं मनापासून आमेन म्हटलं.