मोट चालेल तोवर झोप

माझ्या लेकीला वेळेचं वळण लावायचं असं मी ठरवलं, तेव्हा ती सव्वा महिन्याची होती आणि मी बावीस वर्षांची. दोघींपैकी जास्त हट्टी कोण, हे ठरायला पुढे सहा आठवडे लागले.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पहिलं बाळंतपण माहेरी, लोणीला झालं आणि सव्वा महिना होताच मी पिंपरी पेंढारला सासरी आले. एवढी घाई कशाला, असं आई म्हणत होती. घाई नोकरीची होती. गावच्या प्राथमिक शाळेत मी शिकवत होते आणि रजा संपायला दीड महिना उरला होता. शाळा अकराला भरायची, दीडला मधली सुट्टी, पाचला सुटायची. आमचं घर मळ्यात, विहिरीला लागून. शाळेपासून पायी दहा मिनिटं. घरी आम्ही तिघंच मोठी माणसं: मी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, आणि सासरे म्हणजे मामंजी. हे पुण्याला कारखान्यात होते, महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे.

आल्या दिवशीच मामंजींनी मला ओट्यावर बोलावून स्पष्ट सांगितलं, "शाळंला माजी ना न्हाई. पण हितं पोर हंबरडा फोडती आन् आई तिकडं दुसऱ्याच्या पोरांना बाराखडी शिकवती, ह्ये माझ्या दारात चालायचं न्हाई. पयल्या दिशी बघू. मधल्या सुट्टीत तू येस्तवर पोर गप राहिली, तर जा रोज. न्हाई राहिली, तर राजीनामा लिवून दे."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मामंजी तोंडातून गेलेला शब्द फिरवत नसत. बांधावरून भांडण झालं की गावातली माणसं त्यांना मध्ये घालायची, ती ह्याच भरवशावर, की हा माणूस कुणाच्याही बाजूने खोटं बोलायचा नाही. मला आवडायचं ते. त्या दिवशी मात्र फारसं आवडलं नाही.

ह्यांनी पुण्याहून दोन वस्तू आणून दिल्या होत्या. एक गजराचं घड्याळ आणि एक बालसंगोपनाची पुस्तिका. पुस्तिकेत लिहिलं होतं की बाळाला दर चार तासांनी पाजावं, मध्ये कितीही रडलं तरी उचलू नये. चार दिवसांत ते शहाणं होतं. मी शिकवणारी बाई. छापलेल्या अक्षरावर माझा विश्वास होता. सकाळी सहा, दहा, दोन, सहा असा गजर लावून मी बसले.

अडीच दिवस टिकले. लेक रडून लाल व्हायची, माझी चोळी ओलीचिंब व्हायची आणि मी घड्याळाच्या काट्याकडे बघत दात आवळून बसायची. दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "भूक घड्याळाला लागती का पोरीला?" तिसऱ्या दिवशी घड्याळ दिसेना. दोन वाजता ते ज्वारीच्या कणगीतून घणघणायला लागलं. आत्याबाई शांतपणे भाकरी थापत होत्या.

मला राग आला आणि हसूही आलं. पण मग करायचं काय? लेकीच्या मनावर सोडलं तर नोकरी जाणार, घड्याळावर सोडलं तर लेक आणि मी दोघी वेड्या होणार. मी चिडून मामंजींनाच विचारलं, की तुमच्या अटीप्रमाणे पोर गप राहायची कशी, तेही सांगा. ते वाफ्याला पाणी धरत होते. म्हणाले, "पाणी कवा द्यायचं ते म्या ठरवतो व्हय? बोट घालून माती बघायची. वली असली तर सोडायचं, सुकली असली तर द्यायचं. चार दिस नुसतं बघ की."

नुसतं बघायचं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी घड्याळ कणगीतून काढलं, गजर बंद केला आणि जुन्या वहीत मागून लिहायला सुरुवात केली. किती वाजता प्यायली, किती वेळ, कधी झोपली, कधी उठली. काही दुरुस्त करायचं नाही, फक्त लिहायचं. आणि काय सांगू, मला त्याचा नादच लागला. जिला मी आठवडाभर नुसती रडकी म्हणत होते, तिचा स्वतःचा एक कारभार होता! सकाळी उन्हं वर येईपर्यंत तिला तास-दीड तासाने भूक लागायची; जणू दिवसभराची बेगमी करायची. मग दुपारी मोठी झोप. संध्याकाळी पुन्हा दर घटकेला कुरकुर. भुकेचं रडणं थांबून थांबून येई, झोपेचं रडणं कान ओढत येई, आणि तिसरं एक नुसतंच होतं, ज्याला उचलून कोंबड्या दाखवल्या की पुरे. भुकेच्या आधी ती मूठ तोंडाशी नेते, हे मला दहा दिवसांनी दिसलं. ती बिचारी पहिल्या दिवसापासून नेत असणार.

मग मी दोनच खुंट्या ठोकल्या: साडेदहा आणि दीड. बाकीचं सगळं तिच्या मर्जीवर. दहालाच भूक लागली तर तिला कडेवर घेऊन पेरूच्या झाडाखाली हिंडवायची आणि अर्धा तास काढायचा. साडेदहाला झोपलेली असली तर दुपटं सोडून पायाचे तळवे चोळायचे, की डोळे उघडायची. एक दिवस पुढे, एक दिवस मागे, असं करत तिसऱ्या आठवड्यात ती साडेदहाला पोटभर पिऊन पावणेअकराला पाळण्यात झोपायला लागली, ती थेट दीडपर्यंत. मी फार ऐट केली. आत्याबाईंना वही वाचून दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी मी बोट ठेवून दाखवली.

ऐट उतरायला वेळ लागला नाही. मधूनच एखादा दिवस असा यायचा की पोर पावणेअकराला डोळे मिटायची आणि पाच मिनिटांत उघडायची, ते दीडपर्यंत रडारड. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, काल रात्री पावटे खाल्ले, त्याचं हे. पावटे बंद. पुन्हा झालं तेव्हा आत्याबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, कारण आदल्या दिवशी कोणीतरी बाळसं धरलंय म्हणून गेलं होतं. तिसऱ्या खेपेला मेथी बंद, चौथ्या खेपेला हरभऱ्याची भाजी बंद. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "आता वारा खाऊन ऱ्हा."

दिवस सरत होते. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून त्या चार वाईट तारखा मोठ्याने वाचत होते आणि आदल्या दिवशी काय शिजलं होतं, ते आत्याबाई आठवत होत्या. मामंजी दावणीपाशी होते. त्यांना तारखा कळत नसत, म्हणून त्यांनी विचारलं, "ह्यो पयला दिस म्हंजे बाजाराच्या दुसऱ्या दिसाचा का?" मी मोजून म्हटलं, हो, सोमवार. दुसराही सोमवार निघाला. तिसराही. वर्गातल्या पोरांना मी पाढे शिकवते आणि मला सात-सात दिवसांचं अंतर दिसलं नव्हतं! पण चौथी तारीख गुरुवारची होती, तिनेच माझा घोळ केला होता.

बैलाच्या पाठीवरून फिरणारा मामंजींचा हात थांबला. मग म्हणाले, "सोमवारी मोट न्हाई चालत."

आमच्याकडे सोमवार महादेवाचा. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही, मोटेला हात लावायचा नाही, असा घरचा नेम होता. एरवी हिवाळ्यात ऊन पडलं की मामंजी मोट धरायचे, ती दुपारी एक-दीडपर्यंत. बैल उतारावरून खाली गेले की कातड्याची मोट पाणी घेऊन वर यायची, आणि विहिरीच्या काठावरचं लाकडी चाक कुरकुरत कण्हत फिरायचं. आम्हाला तो आवाज ऐकूही येत नसे, इतका सवयीचा होता. पाळणा विहिरीकडच्या भिंतीला होता.

"आन् त्यो बेस्तरवार?" आत्याबाई म्हणाल्या. "त्या दिशी तर मोट चालू व्हती."

"व्हती," मामंजी म्हणाले, "पन सकाळच्याला म्या चाकाला वंगण दिलं व्हतं. त्या दिसापुरता आवाज कुठं व्हता?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परीक्षाच घेतली. लेक झोपली, मी पाळण्यापाशी उभी राहिले आणि दारातून फडकं हलवलं. मामंजींनी बैल थांबवले. चाक थांबलं. मी मनात आकडे म्हणत होते. चाळीसच्या आत तिच्या पापण्या हलल्या, साठाला मूठ उघडली, आणि ऐंशीच्या आधी तिने डोळे टक्क उघडून मला बघितलं. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा मामंजी पोरासारखे हसले. पुन्हा करायचं म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

त्यानंतर त्यांनी चाकाला वंगण देणं सोडलं. ज्यांच्या अवजारांना कधी गंज चढला नव्हता, त्यांचं चाक शेजारच्या मळ्यापर्यंत ओरडायला लागलं. येणारे-जाणारे विचारायचे, "काय राव, घरचं त्याल संपलं काय?" मामंजी म्हणायचे, "लई महाग झालंय." एवढंच. मला वाटलं, आता आपण जिंकलो.

मग शाळेतून चिठ्ठी आली. रजा रविवारी संपते, सोमवारी सकाळी रुजू व्हावे.

मी हेडमास्तरांकडे गेले. मंगळवारी आले तर चालेल का, असं विचारलं. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, बाई, तुमच्या जागेवर बदलीवर आलेल्या माणसाला जागा सोडायची नाहीये; एक दिवसाची चूक तो शोधतोच आहे. घरी येऊन मी हे सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, बैल नका जुंपू, नुसतं चाक हातानं फिरवा. मामंजींनी मान हलवली. "सोमवार हाय," म्हणाले. अट त्यांची होती आणि नेमही त्यांचाच. मला त्यांचा फार राग आला. पेनात शाई भरून ठेवली, राजीनाम्याला.

सोमवारी साडेदहाला तिला पाजलं. मामंजी उपासाचे, अंघोळ करून ओट्यावर बसले होते. बैल दावणीला रवंथ करत होते. मळ्यात इतकी शांतता होती की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज खटकत होता. मी गेले.

वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. मळा तिथून ऐकू येण्यासारखा नव्हता, तरी प्रत्येक कावळ्याच्या ओरडण्याला मी दचकत होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मी मुलांच्याही आधी फाटकाबाहेर पडले. पळाले म्हटलं तरी चालेल. अंगणाशी आले तर सगळं शांत.

मामंजी पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. आत लेक झोपली होती. मी धापा टाकत विचारलं, "रडली का?"

"न्हाई," मामंजी म्हणाले. "सारा येळ निजलीया."

मी वाकून तिला उचललं. पापण्या ओल्या होऊन चिकटल्या होत्या. नाक लाल होतं. झोपेतच तिने एक लांब हुंदका दिला, मग लागोपाठ दोन, आणि तिला जाग आली तेव्हा रडायला तोंड उघडलं, पण आवाज बसलेला. नुसती घरघर आली. मामंजींच्या सदऱ्याचा डावा खांदा ओला होता. पागोटं खुंटीवर होतं आणि अंगणात, ओट्यापासून पेरूपर्यंत आणि पेरूपासून ओट्यापर्यंत, धुळीत त्यांच्या पावलांची वाट पडली होती. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मी आत जाऊन लेकीला पाजायला घेतलं. ती हुंदके देत देत पीत होती. बाहेर मामंजी पाठमोरे बसले होते. ज्यांनी सोमवार मोडायला नकार दिला होता, ते त्याच सोमवारी, उपाशी पोटी, माझ्या तोंडावर खोटं बोलले होते. आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी लेकीच्या केसांवर पडत होतं.

"जा आता," ते बाहेरूनच म्हणाले. "घंटा व्हईल."

मी "बरं" म्हणाले आणि शाळेत गेले. पुढे एकोणतीस वर्षं जात राहिले.