डॅशबोर्डवरचं कुंकू

गाडीचा डॅशबोर्ड बदलायला सांगणाऱ्या त्या माणसाला मी काय बोललो, ते इथे लिहिता येणार नाही. का बोललो तेवढं लिहितो.

आमची ही गेल्या दिवाळीनंतर गेली. त्याआधीच्या दसऱ्याला तिने गाडीची पूजा केली, तेव्हा मीटरच्या शेजारी डॅशबोर्डवर बोटाने हळदकुंकू लावलं. ती बोटाची रेघ अजून तशीच आहे. मी गाडी पुसतो, पण तेवढी जागा सोडून. बाजूला तिनेच चिकटवलेला छोटा पितळेचा गणपती. कोणाला वेडेपणा वाटला तर वाटू दे. गाडी माझी आहे.

यंदा पावसाळा संपता संपता गाडीला नवंच खूळ लागलं. विश्रांतवाडीतून निघालं आणि पहिला खड्डा लागला, की मीटरवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे. इंजिनचा, ब्रेकचा, एअरबॅगचा. गाडी पळतेय आणि काटा शून्यावर. डॅशबोर्डवर एक बुक्की घातली की सगळं परत जागेवर. मी शाळा सातवीत सोडली आणि पुढे जन्मभर मालाचा टेम्पो चालवला. बुक्कीने सुधारणारी वस्तू मेलेली नसते, एवढं मला कळतं.

वाघोलीच्या बाजूला एक मोठं सर्व्हिस सेंटर आहे, तिथे नेली. काच, एसी, कॉफीचं मशीन, सगळं झकास. टाय लावलेला ॲडव्हायझर आला. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि माझ्याकडे न बघताच बोलायला लागला.

“काका, कम्युनिकेशन एरर आहे. मीटर बाकीच्या युनिट्सशी बोलत नाहीये.”

“म्हणजे बिघाड नक्की कुठे?”

“मीटरच रिप्लेस करू. वरचा पॅनल काढताना तुटतो, तो पण नवीन टाकू. गाडी एकदम फ्रेश दिसेल.”

“उघडून बघितलंत?”

“उघडायची गरज नाही काका, सिस्टीम दाखवते ना.”

“मग सिस्टीमलाच बोलवा बाहेर, तिच्याशी बोलतो.”

हिच्या आजारपणात असाच एक डॉक्टर भेटला होता. ती समोर बसलेली असायची आणि तो रिपोर्टशी बोलायचा. तेव्हा मी गप्प बसलो, कारण ती माझा हात दाबायची. आता हात दाबायला कोण आहे?

तरीही मी सांभाळून होतो. पण त्या शहाण्याने कुंकवाच्या रेघेकडे बोट केलं आणि म्हणाला, “हा डाग पण जाईल त्यात.” आणि नखाने खरवडायला गेला.

पुढचं मी सांगितलंच, लिहिता येणार नाही.

आरडाओरडा ऐकून आतून त्यांची इंजिनिअर बाई आली. तिशीतली असेल. “आजोबा, पाणी घ्या,” म्हणाली. “काहीही बदलायच्या आधी मोजून बघू.” त्या टायवाल्यालाही म्हणाली, “तू जरा लांब उभा राहा.”

तिने बॅटरीची वायर काढली आणि मला समजावत मोजायला घेतलं. गाडीतले सगळे इलेक्ट्रॉनिक डबे दोन वायरींवरून एकमेकांना निरोप पाठवतात. त्या वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक अडथळा बसवलेला असतो. दोन्ही जागेवर असले तर मल्टिमीटर साठ ओहम दाखवतो. आमचा दाखवत होता एकशेवीस.

“म्हणजे एक टोक सुटलंय,” ती म्हणाली. “या गाडीत ते टोक मीटरमध्ये असतं. मीटर खराब असेलच असं नाही. आधी मागचा जोड बघू.”

“पॅनल न तोडता निघेल?”

“निघेल. पण वेळ लागेल.”

“वेळ सोडून माझ्याकडे दुसरं काही नाही, बाई.”

निघालेला पॅनल मी कोणाच्या हातात दिला नाही. मांडीवर घेऊन बसलो, गणपतीसकट. तिने मीटर बाहेर ओढला, मागचा कनेक्टर सोडवला आणि उजेडात धरला. आत हिरवं किटण धरलेलं. आणि त्या हिरव्यात तांबडं.

“इथे पाणी कुठून आलं?”

मला तेव्हाच कळलं. दर संकष्टीला आंघोळ झाली की ही पळी-पंचपात्र घेऊन खाली यायची, गणपतीवर पळीभर पाणी सोडायची आणि कुंकू वाहायची. मी ओरडायचो, “अगं फूल वाहा, पाणी कशाला? गाडी आहे ती!” तर म्हणायची, “अहो, मग देवाला काय कोरडाच ठेवायचा?” आणि माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक पळी सोडायची. ते पाणी फटीतून थेट तिथे उतरलं होतं.

टायवाल्याने गणपती बघितला आणि हसला. “अभिषेक करता का काका गाडीत? मग हे कस्टमर मिसयूजमध्ये जातं.”

“मिसयूज नाही,” मी म्हणालो. “संकष्टी.”

बाईला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं. मला मात्र संताप संताप झाला. त्याचा आला, आणि आमच्या हिचाही आला. स्वतः निघून गेली आणि असल्यांची बोलणी खायला मला ठेवलं.

“हे सगळं घासून काढावं लागेल, आजोबा,” बाई म्हणाली. आणि थांबली. “काढू ना?”

त्या तांबड्याकडे मी बघत राहिलो. तेही तिच्याच हातचं. मग मांडीवर बघितलं. रेघ होती.

“काढा.”

तिने जोड साफ केला, एक पिन नवी बसवली आणि परत मोजलं. साठ. बाहेर स्पीडब्रेकरवरून गाडी मुद्दाम आदळून आणली. एकही दिवा पेटला नाही.

निघताना गेटवर फडकंवाला आडवा आला. “काका, आतून पुसून देतो, फ्री आहे.” मी काच वर केली.

बाईने बजावलं होतं, गणपती हलवा नाहीतर पाणी बंद करा. गणपती तिने चिकटवलाय, मी हलवणार नाही. आता संकष्टीला तिच्याऐवजी मी खाली उतरतो, एका हाताने गणपतीला लावून वाटी धरतो आणि दुसऱ्या हाताने पळी सोडतो. थेंब खाली जात नाही. एवढी साधी वाटी तुला सुचली नाही का गं, असं तिला विचारतो. जरा चढ्या आवाजातच विचारतो. पार्किंगमधले लोक बघतात. बघू देत.