शालीखालची थैली

माझी लघवी हा आमच्या घराण्यातला सगळ्यात लाजेचा विषय आहे. माझी मान मोडली, पाय गेले, हातातली पकड गेली, कॉलेजातली नोकरी सुटली, याची कोणाला लाज नाही. उलट हे सगळे चवीनं सांगतात. चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर माझ्या मोटारसायकलीला रोही, म्हणजे नीलगाय, कसा आडवा आला आणि मी कसा उडालो, हे माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून ऐकावं. मी स्वतः तिथं होतो, पण मलाही इतकं माहीत नाही. मात्र गोष्ट लघवीच्या नळीपाशी आली की भाऊ घसा खाकरतो आणि म्हणतो, "बाकी सगळं ठीक हाये."

बाकी सगळं म्हणजे काय, ते मी सांगतो. मला छातीखालचं काही कळत नाही. मूत्राशय भरल्याचं कळत नाही आणि भरलं तरी ते आपसूक रिकामं होत नाही. बोटांत जोर नाही, म्हणून सुरुवातीला ठरलेल्या वेळी बायको नळी घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची. अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत, खालून गाड्यांचे हॉर्न वाजत असताना, ती हे शिकली. मग आतला रस्ता आक्रसला. नळी मध्येच अडायची, रक्त यायचं, हुडहुडी भरून ताप चढायचा. शेवटी डॉक्टरांनी कायमची नळी बसवली आणि तिच्या टोकाला थैली आली. ही नळीसुद्धा गाळानं तुंबते. त्यावर पाहुण्यांचा सल्ला असा, की "पाणीच कमी पेत जा ना मंग, कटकटच नाही." वा रे वा! पाणी कमी प्यालं की गाळ वाढतो, हे त्यांना किती वेळा सांगावं?

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. नळी दबली किंवा तुंबली तर मला पोटात दुखणार नाही. डोकं ठणकेल, तोंड लालबुंद होईल, घाम सुटेल. रक्तदाब असा भडकेल की मेंदूतली नससुद्धा फुटू शकते. अशा वेळी मला आडवं करायचं नाही, ताठ बसवून ठेवायचं आणि आधी नळी पाहायची. हे मी भावाला समोर बसवून सांगितलं होतं. तो 'हो हो' म्हणाला होता.

तर अकोल्याला समाजाचा मेळावा होता. भाऊ तिथंच राहतो आणि समाजाच्या मंडळात पदाधिकारी आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होता आणि त्यांच्याच रांगेत माझा. पोरांचा मार्कांबद्दल, माझा मान मोडल्याबद्दल. मी साफ नाही म्हटलं.

"अबे, लोकायले प्रेरणा भेटते," भाऊ म्हणाला.

बायको म्हणाली, "चला ना, तुमाले बी तेवढाच बदल." तिचं मन मोडवेना, म्हणून गेलो.

मंचाला नुसत्या पायऱ्या. पोत्यासारखं उचलून मला खुर्चीसकट वर ठेवलं. बायकोला खाली बायकांच्या बाजूला बसवलं. थैली खुर्चीला खाली लटकवलेली असते. ती मूत्राशयाच्या खाली राहिली तरच लघवी उतरते. पण ती पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना दिसत होती ना! शाल पांघरताना भाऊ वाकला, त्यानं थैली काढून माझ्या मांडीवर ठेवली, नळी मांडीखाली खुपसली, शाल वरून नीट ओढली आणि तिच्यावर सत्काराचा नारळ ठेवला.

"आता कसं बरं दिसते," तो माझ्या कानात म्हणाला.

"दादा, थैली खाली घे."

"थांब ना बे. फोटो होऊन जाऊ दे."

फोटो झाले आणि भाषणं सुरू झाली. मी दिव्यांग आहे, माझं अंग दिव्य आहे, असं एकामागून एक जण सांगत होता. त्या दिव्य अंगातली लघवी कुठं जाते, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तेवढ्यात माझं डोकं मागून ठणकायला लागलं. आधी वाटलं, भोंग्याचा त्रास असेल. मग कान तापले, घाम डोळ्यांत उतरला, नजरेसमोर चमकायला लागलं, तेव्हा मला कळून चुकलं. मी भावाला मानेनं जवळ बोलावलं.

"दादा, नळी दबली. डोकं फुटून राहिलं माहं."

"पाच मिनिटं कळ काढ ना. अध्यक्षाचं भाषण चालू हाये."

कळ काढ! ज्या माणसाला कळच येत नाही, त्याला हा सांगतो, कळ काढ! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय मला कळत नाहीत, ही गोष्ट वेगळी. ओरडावं तर छातीत तेवढा दम नाही. माझा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नाही. शेजारचे पाहुणे म्हणाले, "यायले घेरी येऊन राहिली वाटते, आडवं करा." दोघं उठलेसुद्धा. मला वाटलं, संपलं. आता हे लोक मला शाल-नारळासकट मारणार.

वाचवलं ते सूत्रसंचालकानं, तेही गैरसमजानं. अध्यक्षांचं भाषण आटोपलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून तो म्हणाला, "सर भावुक झालेत. सर, दोनच शब्द बोला." आणि त्यानं माइक माझ्या तोंडाशी धरला.

"माझी लघवी अडकली आहे," मी म्हणालो. सगळ्या हॉलमध्ये आवाज घुमला. "मांडीवरचा नारळ उचला, थैली खाली घ्या आणि मला आडवं करू नका. नाही तर मी इथंच मरतो."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. बाकी सगळे माना खाली घालून बसले, पण जागचं कोणी हललं नाही. बायको मात्र पायऱ्या चढून धावत आली. "सरका बाजूले!" म्हणत तिनं नारळ भिरकावला, शाल ओढून काढली, मांडी उचलून नळी सोडवली आणि थैली खाली लटकवली. माझ्या शर्टाची बटणं उघडून ती मला ताठ धरून बसली. थैली भरत गेली, तसा डोक्यातला ठणका हळूहळू उतरला.

हॉलच्या फाटकाशी भाऊ आमच्यावर उखडला. "माइकवर बोलाची गोष्ट होती काय ते? चार लोकांत तोंड दाखवाले जागा नाही ठेवली!"

माझ्याआधी बायको बोलली. इतक्या वर्षांत ती त्याला कधी उलटून बोलली नव्हती. "भाऊजी, त्याच चार लोकायनं आज यायले खांदा देला असता. मंग कोणाले दाखवलं असतं तोंड?"

तो आत पाहुण्यांकडे निघून गेला. आम्ही अमरावतीची वाट धरली.

घरी आलो तर घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावानं फोटो टाकलेला. भाषणांच्या वेळचा. शाल आहे, नारळ आहे, थैली कुठं दिसत नाही. घामानं निथळलेलं माझं लालबुंद तोंड मात्र स्पष्ट दिसतं. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग, 'जिद्दीला सलाम', आणि आत्यानं लिहिलेलं: 'चेहऱ्यावर काय तेज आलं बाई!'

मी बायकोला फोन तोंडाशी धरायला सांगितला आणि आवाजी मेसेज पाठवला. "आत्या, ते तेज नोहे. माही लघवी तुंबली होती, मी मरून राहिलो होतो."

ग्रुपचा ॲडमिन भाऊच आहे. त्यानं माझा मेसेज काढून टाकला. फोटो अजून आहे.