दम धरला काय?

रज्जाकभाई पंप जिभेला टांगायचे. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याला दुसरा शब्द नाही. जुन्या गाडीचा पेट्रोल पंप दुरुस्त झाला की त्याच्या आत येणाऱ्या नळीच्या तोंडावर ते जिभेचं टोक ठेवायचे, बोटाने पंपाची दांडी दाबून सोडायचे, आणि मग दोन्ही हात बाजूला पसरून डोळे मिटून उभे राहायचे. शेरभर वजनाचा लोखंडी पंप जिभेला चिकटून लोंबकळायचा. थोड्या वेळाने ‘टक्’ असा आवाज होऊन तो खाली सुटायचा, तो ते अलगद झेलायचे आणि म्हणायचे, “दम धरला.” म्हणजे पंपाची ओढ शाबूत.

बाबांबरोबर मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेलो तेव्हा हे पाहून मला किळसच आली होती. बाबा मात्र हसत होते. मूर्तिजापूर स्टेशनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये ते दुकान होतं. आमच्या जुन्या पेट्रोल जीपला रज्जाकभाईंशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा बाबांचा नियम होता. शहरात, जठारपेठेत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर चांगली गॅरेजं होती, पण बाबा पंपासाठी मूर्तिजापूर गाठायचे.

रज्जाकभाईंच्या गालात कायम लवंग असायची. “पेट्रोलची चव मोडाले लागते,” ते म्हणायचे. त्यांच्या दुकानात पेट्रोल, ग्रीस आणि लवंग असा मिळून एकच वास यायचा. बोलणं तिरकं. कुणी घाई केली की हातातला पाना खाली ठेवून त्याच्याकडे पाहत राहायचे. “घाईत बसोलेला पंपाचा पडदा अन् घाईत केलेली सोयरीक, दोनी रस्त्यात फाटते, बाप्पा!” इंजिनाचं कौतुक त्यांना फारसं नव्हतं. “इंजिन हाय बैल. बोंबलते, पयते. पन त्याले चारते कोन? पंप. पंप म्हन्जे माय हाय.”

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बाबा शेतावर म्हणून जीप घेऊन निघाले आणि शकुंतला रेल्वेच्या फाटकाशी सापडले. ती छोटी गाडी कधीचीच बंद झालेली, रुळांत गवत वाढलेलं. जीप त्या रुळांच्या अलीकडे उभी होती आणि बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले होते. चावी चालू, इंजिन बंद. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते आम्हाला समजलं. पण आईने दुसराच प्रश्न धरून ठेवला, “आंधी गाडी बंद पडली का आंधी हे?”

गाडी आधी बंद पडली असेल, तर बाबा त्या उन्हात कुणीतरी येईल म्हणून बसून राहिले असतील. छातीत कळा येत असतील आणि रस्त्यावर माणूस नसेल. “वाट पाहून राह्यले असतीन का रे?” आई विचारायची. जेवताना हात थांबायचा, मधेच विचारायची. वर्षभरात ती निम्मी झाली. जीप विकू द्यायची नाही आणि तिच्याकडे बघायचीही नाही. शेवटी मी रज्जाकभाईंना घरी बोलावलं. म्हटलं, गाडीत काय बिघडलं होतं तेवढं तरी कळेल.

त्यांनी अंगणात जीपचं बॉनेट उघडलं आणि बाकी कशालाही हात न लावता पंपच काढला. मी म्हणालो, खोला. त्यांनी मान हलवली. “आंधी त्याले बोलू द्या, भाऊ. मंग फाडू.” लवंग गालात सरकवून त्यांनी पंप जिभेला लावला, दांडी दाबली आणि हात पसरले.

पंप चिकटला. नेहमीचा वेळ गेला, तरी तो सुटेना. भर दुपारी अंगणातल्या चिमण्या एकाएकी गप्प झाल्या, असं मला आज वाटतं, कदाचित मीच ऐकायचा थांबलो असेन. रज्जाकभाईंनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी हाताने पंप ओढला, तो येईना. मी धावलो, तेवढ्यात ‘टक्’ झालं. ते ओट्यावर टेकले. जिभेच्या टोकावर रक्ताचा थेंब होता.

मग त्यांनी पंप खोलला. आतला पडदा, म्हणजे जिच्या हलण्याने पेट्रोल ओढलं जातं ती कापडी चकती, एका बाजूने बोटभर फाटलेला होता. मी तो उजेडात धरला, फाटीतून पलीकडचं पेरूचं झाड दिसलं.

“म्हणजे गाडीच आधी बंद पडली,” मी हळूच म्हणालो. आई खिडकीत होती.

“फाटलेला पडदा दम धरत नाई,” रज्जाकभाई म्हणाले. “पन यानं धरला. फाटलं हे तुमी डोयानं पाह्यलं. धरला हे म्या जिभेनं पाह्यलं. आता कोनाचं आयकाचं ते तुमी पाहा.”

मला त्यांचा राग आला. फाटलेली कड घडीत दबून तात्पुरती चिकटली असेल, एवढं तर मलाही कळत होतं. त्यांनी नवा पडदा घातला, झडपा बदलल्या, स्क्रू आळीपाळीने आवळले आणि जीभ लावली. पंप लगेच सुटला. पुन्हा खोलला, पुन्हा बसवला, पुन्हा सुटला. सगळं नवं असून दम नाही. मग त्यांनी पंप दोन्ही हातांत धरला आणि नळीला तोंड लावून, बाबांशी बोलायचे तसे आत बोलले, “पाटील, सोडा आता. पोचले तुमी.” त्यानंतर जीभ लावली, तर पंप हवा तसा चिकटला आणि हवा तेव्हा सुटला.

ते खिडकीपाशी गेले. “भाभी, पंपात दम होता. पाटील आंधी गेले, पाय सुटला तवा गाडी बंद झाली. वाट नाई पाह्यली त्याईनं.”

आई त्या रात्री पोटभर जेवली. भला माणूस, आईसाठी खोटं बोलला, असं धरून चाललो. त्याबद्दल त्यांचा ऋणीही होतो. फक्त खरं मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात रज्जाकभाई गेले. आयुष्यभर पेट्रोल हुंगून फुफ्फुसं संपली होती. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर उशांना टेकून बसले होते. “माह्याच पंपाचा दम चालला, भाऊ,” म्हणाले आणि हसता हसता खोकले. मग माझा हात धरून म्हणाले, “तुमी मले खोटं समजता, मले मालूम हाय. गाडी कधी रस्त्यात बंद पडली तं मिस्तरी नका धुंडू. सोताची जीभ लावा.”

या उन्हाळ्यात आई म्हणाली, शेत दाखव. निघालो. शकुंतलेच्या फाटकाशी, त्याच जागी, जीप दोन आचके देऊन बंद पडली. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आईची बोटं पदर पिळत होती.

मी पंप काढला. इतकी वर्षं नाक मुरडलं, आता इकडेतिकडे पाहून जीभ लावली आणि दांडी दाबली. पंपाने जीभ धरली. घट्ट, जिवंत माणसाने धरावी तशी. मी पेट्रोलच्या कडू चवीची वाट पाहत होतो.

चव लवंगेची होती.

त्या पंपातून दोन वर्षं पेट्रोल वाहत होतं. मी हात पसरून उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं आणि मला हलता येईना. डोळ्यांनी पाहिलेला फाटका पडदा आठवत होता, पण आता तो खरा वाटत नव्हता. बाबांनी वाट पाहिली नव्हती. रज्जाकभाई खोटं बोलले नव्हते. ‘टक्’ झालं, पंप माझ्या हातात आला.

तो पुन्हा बसवून मी गाडीत चढलो. आईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

“लवंग खाल्ली काय रे तू?”

“हाओ,” मी म्हणालो आणि चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.