पाळीवरची मासोळी

फोनवर श्रावणचा नंबर दिसला आणि मी नेहमीसारखं आधीच विचारून मोकळी झाले, "काय रे, आलं का प्रकाशकाचं उत्तर?" पलीकडे त्याची बायको होती, कौसल्या. म्हणाली, "बाई, हे गेले. सकाळी तलावावरून आले, छातीत दुखून राहिलं म्हणाले, अन्…" सव्वा महिना झाला, पण माझ्या त्या पहिल्या प्रश्नाची लाज काही जात नाही.

श्रावण नान्हे एकोडीचा, तलावात मासे धरणारा. मी साकोलीला शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा एकदा मधल्या सुट्टीत तो पिशवी घेऊन आला. मासे असतील म्हणून मी "आज नको रे बाबा" म्हटलं, तर पिशवीतून निघाली वही. "कादंबरी हाये बाई. पाहून द्या." मी हसले नाही, एवढं तरी पुण्य माझ्या गाठीला आहे. कादंबरी त्याच्या आईवर होती. नवरा बुडून गेल्यावर त्याच पाण्यात एकटीनं डोंगा, म्हणजे छोटी होडी, लोटणारी बाई. "माही माय कुठंच नाही बाई," तो म्हणाला, "ना सातबाऱ्यात, ना फोटोत. पुस्तकात तरी येऊ द्या तिले."

त्याच्यासारखी लिहायची रीत मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बाया-माणसं फाटकी जाळी सांधत बसायची, त्यांना तो नवं प्रकरण वाचून दाखवायचा. कसं वाटलं, असं कधी विचारायचा नाही. "तोंडावर सारेच चांगलं म्हणतेत. मी हात पाहतो." जिथं सुई धरलेले हात थांबले, तिथं समासात पेन्सिलीनं बारीक मासोळी काढायचा. हात चालूच राहिले तर मजकूर खोडून पुन्हा लिहायचा. एक प्रकरण त्यानं सात वेळा लिहिलं. मला, खरं सांगते, हा खुळेपणा वाटायचा.

दोन प्रकाशकांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यानं कळवलं, वर्णनं कमी पडतात. झालं! मी पडले मराठीची बाई, आणि आईचं पुस्तक व्हावं म्हणून श्रावण कशालाही तयार. मी त्यात तीन सूर्यास्त घातले, कमळं घातली, चांदणंसुद्धा सोडलं नाही. पाठवण्याआधी तो मला पाळीवर घेऊन गेला, बसायला खुर्ची मागवली, आणि माझे सूर्यास्त मनापासून वाचले. एक हात थांबेल तर शपथ! एका म्हाताऱ्यानं तर मधेच तंबाखू मागितली. परतताना मी फुगून बसले होते. श्रावण हळूच म्हणाला, "राग नका मानू बाई. सूर्य बुडते ते हे रोजच पाहतेत. कायले थांबतीन?"

मग चौथ्या प्रकाशकाकडे त्यानं स्वतःचंच लिखाण पाठवलं… आणि शेवटचं प्रकरण घरी ठेवलं! मी किती रागावले. "अरे, शेवटाशिवाय कादंबरी पाठवतं का कोणी?" तर म्हणे, भाताची रोवणी चालू आहे, सारे शेतात, बांधीत आहेत, पाळीवर कोणी नाही, वाचल्याबिगर कसं पाठवू? रोवणी आटोपायच्या आत तोच गेला. तेराव्यानंतर चार दिवसांनी प्रकाशकाचं पत्र आलं. आवडलं आहे, शेवट पाठवा, मग ठरवू.

मी एकोडीला गेले. कौसल्यानं वही पुढे केली. शेवटच्या प्रकरणाचा समास कोरा होता. तसंच पाठवून द्यावं, असं मनात आलं, नाही असं नाही. पण कौसल्याला घेऊन पाय पाळीकडेच वळले. रोवणी आटोपली होती, माणसं पुन्हा जाळी सांधत बसली होती. खुर्ची नको म्हटलं, खालीच बसले आणि वाचू लागले. आई पोराला पहिल्यांदा डोंग्यात बसवते, जाळ्याचं टोक त्याच्या हाती देते आणि म्हणते, "धर. मी आहो." एवढंच होतं. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

पाहिलं तेव्हा कौसल्याची सुई जाळ्यात तशीच अडकून होती. म्हातारा तंबाखू तळहातावर घेऊन बसला होता.

"मासोळी काढा ना बाई," कौसल्या म्हणाली. मी काढली, ती आंब्याच्या पानासारखी दिसायला लागली. तिनं डोळे पुसले, माझ्या हातातून पेन्सिल घेतली.

"अशी नव्हते काढत ते," म्हणाली, आणि शेपूट नीट केली.

प्रकरण पोस्टात टाकलं आहे. उत्तर अजून नाही. वही कौसल्याकडे आहे, आणि पेन्सिल तिनं जाळ्याच्या सुईशेजारी ठेवली आहे.