तळ दिसणारं पाणी

उमरग्याच्या बसस्थानकावर त्या दिवशी सकाळी आम्ही चौघी मुली आणि बिराजदार मॅडम तुळजापूरच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. माझ्या दप्तरात पुस्तकांच्या जागी टॉवेल, पोहण्याचा गुडघ्यापर्यंतचा पोशाख आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या शेंगापोळ्या (शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरलेल्या पोळ्या) होत्या. मी तेव्हा नववीत होते. जिल्ह्याच्या शालेय जलतरण स्पर्धेत आमच्या शाळेचा मुलींचा संघ पहिल्यांदाच उतरणार होता, आणि आमच्यापैकी एकीनंही तोवर पोहण्याचा तलाव डोळ्यांनी पाहिला नव्हता.

आम्ही सगळ्या विहिरीत शिकलेल्या. मोटार चालू करायला पोरांना विहिरीवर जावंच लागतं, तेव्हा पोहता आलंच पाहिजे, असा माझ्या वडिलांचा हिशेब. त्यांनी तेलाचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधला आणि मला पाण्यात सोडलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. बिराजदार मॅडम आम्हाला विज्ञान शिकवायच्या. एकदा त्यांनी वर्गात सहज विचारलं, कुणाकुणाला पोहता येतं, आणि माझ्यासह पल्लवी, कोमल आणि मुस्कान यांचे हात वर झाले. तिथून हे सगळं सुरू झालं. मॅडमना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण दर रविवारी त्या आमच्या शेतात यायच्या, विहिरीच्या काठावर छत्री उघडून बसायच्या आणि मोबाइलवर आमची वेळ लावायच्या. आम्ही चौघी रिलेत उतरणार होतो. रिले म्हणजे एकीनं पन्नास मीटर पोहून भिंतीला हात लावायचा, की दुसरीनं उडी मारायची. चौघींत माझी वेळ सगळ्यात चांगली होती, म्हणून शेवटी मी.

गाडी आली. हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेतून येणेगूर, जळकोट मागं पडत गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, तूर मात्र अजून हिरवीगार होती. नळदुर्गाच्या अलीकडं कोमलला गाडी लागली. खिडकीतून तिची मान बाहेर काढून आम्ही तिघी तिला धरून बसलो. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी पिशवीतून लिंबू काढून तिच्या हातात दिलं आणि हुंगत बसायला सांगितलं. मग त्यांनी चौकशी केली.

"कुठं निघालाव गं पोरींनो?"

मुस्कान म्हणाली, धाराशिवला, पोहायच्या स्पर्धेला.

"पवायच्या बी शर्यती असत्यात व्हय?" आजींनी वळून आमच्याकडं बघितलं. "आमी तर निसतं कापडं धुताना पवलाव."

नळदुर्गाला किल्ल्याची लांबलचक तटबंदी दिसली. तिथं गाडीनं हायवे सोडला आणि ती तुळजापूरच्या रस्त्याला लागली. आजींना त्यांच्या फाट्यावर उतरवताना कंडक्टर स्वतः खाली उतरला. उतरल्यावर आजींनी खिडकीपाशी येऊन आम्हा चौघींच्या हातांना हात लावला आणि मगच त्या चालू लागल्या.

तुळजापुरात मॅडमच्या वर्गमैत्रिणीचं घर होतं. पुजाऱ्यांचं कुटुंब, घर नेहमी माणसांनी भरलेलं. भक्तांची ये-जा रोजचीच असल्यामुळं आम्ही पाचजणी आलो याचं तिथं कुणाला काही वाटलं नाही. मैत्रिणीला आम्ही काकू म्हणू लागलो. काकूंनी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली आणि विचारलं की पाण्यात उतरायच्या आधी पोटभर खायचं असतं की नसतं. मॅडमना ते माहीत नव्हतं. त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारलं आणि आमच्या ताटातली तिसरी भाकरी परत गेली.

दुपारी सामान तिथंच ठेवून आम्ही धाराशिवला गेलो. तास-दीड तास सराव करायला परवानगी मिळाली होती. तलावाच्या दारात एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी आमच्या तेलानं चप्प बसवलेल्या वेण्या बघितल्या आणि हात आडवा केला.

"एवढं तेल घेऊन आत न्हाय सोडता यायचं. समदं पाण्यावर तरंगतंय."

घरून निघताना आयांनी मायेनं थापलेलं तेल ते. मावशींनी स्वतःची साबणाची वडी आणली, आम्हाला नळाखाली ओळीनं बसवलं आणि प्रत्येकीचं डोकं दोनदा घासून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या. मुस्कानचे केस कमरेपर्यंत होते, ते धुताना त्यांनी कौतुकानं विचारलं, काय लावतेस गं याला. मग चौघींना तलावावरच्या टोप्या देऊन त्या कशा घालायच्या तेही दाखवलं.

आत गेलो आणि पहिल्यांदा तलाव बघितला. निळ्या फरश्या, तळाशी काळ्या पट्ट्या, वरून ताणलेले रंगीत मण्यांचे दोर. पंचवीस मीटर लांब. आमची विहीर त्याच्यापुढं काहीच नाही. शेजारच्या पट्टीत धाराशिवच्याच एका शाळेच्या मुली सराव करत होत्या, सरळ रेषेत, पाण्याचा आवाजही न करता. पल्लवी, कोमल, मुस्कान एकामागून एक उतरल्या. वेड्यावाकड्या का होईना, पण पलीकडं पोचल्या. मग मी उडी मारली.

विहिरीचं पाणी हिरवं असतं. त्यात डोळे उघडले तरी हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि खाली किती आहे याचा विचार कधी मनात येत नाही. इथं मी डोळे उघडले आणि थेट तळ दिसला. माझ्या पोटाखाली दीड-दोन माणसं उभी राहतील एवढी रिकामी जागा, आणि तिच्या शेवटी हलणाऱ्या फरश्या. मला वाटलं, मी गच्चीवरून खाली पडतेय. हातपाय आखडले. नाकातोंडात औषधाच्या वासाचं पाणी गेलं. मी जवळचा दोर पकडला आणि तो मला सोडवेचना. पल्लवीनं आणि कोमलनं येऊन मला काठाला नेलं.

मी आणखी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तेच. गावात विहिरीच्या काठावरून उलटी उडी मारणारी मी, चार वर्षांच्या पोरीसारखी पायऱ्यांना धरून बसले होते. शेजारच्या पट्टीतल्या मुली पोहायच्या थांबून बघत होत्या. त्यातल्या एका उंच मुलीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मी मान फिरवली.

तुळजापूरला परत जाताना गाडीत माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. रिलेला चौघी लागतात आणि आमच्याकडं पाचवी नव्हती. मी उतरले नाही तर तिघींचं येणं वाया, आणि मॅडमचे ते सगळे रविवारही. संध्याकाळी काकू आम्हाला देवीच्या देवळात घेऊन गेल्या. गर्दी कमी होती, दर्शन लवकर झालं. बाकीच्यांनी काय मागितलं मला माहीत नाही. मी, उद्या सकाळी ताप येऊ दे, असं मागितलं.

ताप आला नाही. सकाळी काकू चहा गाळत असताना मॅडमनी मला अंगणात बोलावलं. मला वाटलं आता समजूत घालतील, धीर धर म्हणतील. त्यांनी तसं काही केलं नाही.

"मी रात्री विचार केला," त्या म्हणाल्या. "तुला भीती वाटत असंल तर आपण उतरायचं न्हाय. चौघींपैकी कुणीच न्हाय. मी त्या तिघींशी बोललेय, त्यांची काही तक्रार न्हाय. माझी बी न्हाय."

मी विचारलं, मग शाळेत काय सांगायचं.

"सांगू की, तलाव बघून आलो."

मला खरं तर हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण उलटंच झालं. त्या तिघी माझ्यासाठी न उतरायला तयार झाल्या, हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की एकदा तरी बघू. मी मॅडमना म्हटलं, सरावाच्या वेळेपुरतं उतरते, मग सांगते.

धाराशिवला पोचलो तेव्हा तलावाभोवती माणसं दाटली होती. पालक, शिक्षक, शिट्ट्या, लाउडस्पीकरवर नावं. मी उथळ बाजूच्या पायऱ्यांवर पाणी पायाशी घेऊन उभी होते, तेवढ्यात कालची ती उंच मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिचं नाव सई. तीही रिलेतच होती, तीही शेवटची, म्हणजे थेट माझ्याविरुद्ध पोहणारी.

"तुझ्याकडं चष्मा नाहीये ना?" तिनं विचारलं.

नव्हता. पोहताना चष्मा लागतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं की उघड्या डोळ्यांनी तळ हलताना दिसतो, म्हणून गरगरतं. तिलाही लहानपणी व्हायचं. तिनं गळ्यातला चष्मा काढून माझ्या डोळ्यांवर बसवला, मागचा पट्टा ओढून ताणला, आणि कमरेइतक्या पाण्यात माझ्याबरोबर उतरली.

"आता नुसती पालथी पड. पोहू नको. खाली काळी पट्टी आहे ना, तेवढीच बघ. बाकी काही बघू नको."

मी तोंड पाण्यात घातलं. फरश्या हलायच्या थांबल्या होत्या. प्रत्येक सांधा वेगळा दिसत होता. काळी पट्टी आमच्या शेताकडं जाणाऱ्या पांदीसारखी (दोन शेतांमधल्या वाटेसारखी) सरळ पुढं गेली होती. सईनं माझ्या पोटाखाली एक हात धरला आणि ती चालत राहिली. खोल भाग सुरू झाला तशी मी हात मारायला लागले आणि ती माझ्या बाजूनं पोहायला लागली. खालचा तळ एकदम खोल गेला, पण मी पट्टीवरची नजर सोडली नाही. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा मला रडू येत होतं आणि चष्म्यामुळं ते कुणाला दिसलं नाही. परत येताना तिनं भिंतीपाशी वळायचं कसं, तेही शिकवलं. हात टेकवून दोन्ही पाय भिंतीवर आणायचे आणि जोरात लोटायचं. विहिरीत आम्ही दगडाला धरून दम खायचो, वळणं हा प्रकारच आमच्यात नव्हता.

तिच्या सरांनी काठावरून हाक मारली, म्हणून ती गेली. जाताना म्हणाली, "राहू दे तुझ्याकडं. माझ्याकडं अजून एक आहे."

मी मॅडमना जाऊन सांगितलं, उतरू या. रिलेत पाच शाळांचे संघ होते. पल्लवी सुटली तेव्हा मॅडमनी डोळे मिटून घेतलेले मी बघितले. कोमल चौथी आली. मुस्काननं मात्र जीव खाऊन पोहून एकीला मागं टाकलं, आणि तिचा हात भिंतीला लागला तेव्हा आम्ही तिसऱ्या होतो. मी उडी मारली.

जाताना मला फक्त पट्टी आठवते. भिंत आली, मी पाय टेकवले आणि लोटलं, आणि त्या एका लोटण्यात मी इतकी पुढं गेले की मलाच आश्चर्य वाटलं. परत येताना मी उजवीकडं बघितलं. शेजारची मुलगी मागं पडली होती. तिच्या पलीकडच्या पट्टीत, माझ्यापेक्षा अंगभर पुढं, सई होती. मी पाय मारले, जेवढे मारता येतील तेवढे. अंतर कमी झालं, पण मिटलं नाही. भिंतीला हात लावून मी वर बघितलं तेव्हा ती आधीच दोराला टेकून माझ्याकडं बघत होती.

आम्ही दुसऱ्या आलो. पुढं विभागाच्या स्पर्धेला फक्त पहिला संघ जाणार होता, म्हणजे आमचं इथंच संपलं. मुस्कान रडली, कारण तिला वाटलं आपण आणखी थोडं ओढायला हवं होतं. मॅडम काठावर गुडघे टेकून बसल्या आणि पाण्यातून मला बाहेर ओढताना त्यांची साडी चिंब झाली. मला वाईट वाटलं, खोटं का सांगू. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली काहीतरी भक्कम होतं.

कपडे बदलल्यावर मी सईचा चष्मा परत द्यायला गेले. ती माझे पाय बघत म्हणाली, "एवढे जोरात पाय मारायला कुठं शिकलीस?"

"विहिरीत. तिथं थांबलं की बुडतंय माणूस."

तिनं हसून चष्मा घेतला. तिला दुपारी आणखी एक शर्यत होती. आम्ही ती बघायला थांबलो आणि तिच्या शाळेच्या मुलींपेक्षा मोठ्यानं तिचं नाव घेऊन ओरडलो.

निघण्याआधी मॅडमनी आम्हाला धाराशिवचे गुलाबजाम खाऊ घातले, गरम, पाकात बुडालेले. दारातल्या मावशींना कोमलनं द्रोणात दोन नेऊन दिले. तुळजापुरात सामान घेतलं, काकूंनी प्रत्येकीच्या हातावर प्रसाद ठेवला आणि कितवा नंबर आला ते विचारलंच नाही. परतीच्या गाडीत आम्ही चौघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो. आमच्या फाट्यावर वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. दुसरा नंबर म्हटल्यावर त्यांनी मान डोलवली आणि माझं दप्तर स्वतःच्या गळ्यात अडकवलं.

आई भाकरी थापत होती. तिला नंबराचं फारसं काही नव्हतं.

"पानी कसं व्हतं गं तिथलं?"

"निवळशंख. तळ दिसत होता."

"मंग भ्या न्हाय वाटलं आसंल."

मी चुलीपाशी बसून तिला सगळं सांगितलं. दोर पकडून बसले ते, देवीपाशी ताप मागितला ते, मॅडम अंगणात काय बोलल्या ते, आणि सईनं पोटाखाली हात कसा धरला ते. आई भाकरी उलटायची विसरली. त्यानंतर आजवर मी बरेच तलाव बघितले, कॉलेजच्या संघातून पुढं कुठं कुठं गेले, एकदा पहिलीही आले. पण कुणी विचारलं की पोहायला कुठं शिकलीस, तर मला वडिलांच्या बरोबरीनं त्या दोन दिवसांतली माणसं सांगावीशी वाटतात. त्यातल्या कुणाचंच माझ्यापाशी काही अडलेलं नव्हतं. सईचं तर मी घाबरण्यातच भलं होतं.

त्या दिवशी चुलीपाशी आईनं करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"त्या पोरीला एकदा जेवायला आण," ती म्हणाली.