ओढणारं माणूस

मेलेलं हरीण ओढायचं तर डोक्याकडून ओढायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? कोथरूडच्या ज्या घरात मी वाढले तिथे अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात उकडायचे. त्यामुळे पहिल्यांदा दोरी हातात आली तेव्हा मी सरळ मागच्या पायांना बांधली आणि लागले ओढायला. दर दोन पावलांवर ते धूड कशात तरी अडकायचं. केस उलटे उभे राहिलेले, त्यात पाचोळा, काटक्या, बर्फ. काकू बाजूला उभ्या राहून शांतपणे बघत होत्या. मी पार दमून खाली बसले तेव्हा त्यांनी विचारलं, तू स्वतःचे केसही खालून वर विंचरतेस का. मग त्यांनी दोरी सोडून मानेला घातली, पुढचे पाय मुडपून डोक्याशी बांधले, आणि तेच हरीण उतारावरून सरसर निघालं.

काकू हे माझं आपलं मनातलं. तोंडाने मी जपानी रीतीने त्यांच्या आडनावाला आदराचं सान लावायचे. पंचाहत्तरी ओलांडलेली, बुटकी, खांद्याला बंदूक लावणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक पुतण्या ओसाकाला. असल्या माणसाला नुसतं आडनावाने हाक मारणं माझ्या जिवावर यायचं.

माझं काम गोचिडींचं. लोक परदेशात येऊन काय काय करतात, मी हरणांच्या कानामागच्या गोचिडी वेचते. त्यांच्यातून माणसांत कुठले आजार येतात ते बघणारी आमची संस्था कोबेपासून गाडीने तासाभरावर आहे, डोंगरात. नवरा टोकियोत सॉफ्टवेअरमध्ये, मुलाची शाळाही तिकडेच, म्हणून ते दोघं तिथल्या फुनाबोरीला आणि मी इथे. महिन्यातून एकदा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन पकडून जायचं, डबे भरून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि परत यायचं. रोज फोनवर मुलाला विचारायचं, जेवलास का. तो जपानीत हुंकार द्यायचा आणि खेळात डोकं घालायचा. त्याचा दोष नाही, त्याला तीच भाषा जवळची. पण फोन ठेवल्यावर खोलीत जी शांतता व्हायची ती मला खायला उठायची. कधीकधी चार-चार दिवस मराठी शब्द निघायचा तो फक्त कुकरपाशी, शिट्टी होत नाही म्हणून त्याला घातलेली शिवी. एकटं वाटायचं, फार वाटायचं, उगाच आडपडदा कशाला ठेवू.

हरणाचं अंग थंड पडलं की गोचिडी सोडून जातात. म्हणजे मला ताजं हरीण हवं, म्हणजे शिकाऱ्यासोबत डोंगरात जायला हवं. गावातल्या पुरुष शिकाऱ्यांच्या आपापल्या टोळ्या होत्या, कुत्री होती, वॉकीटॉकी होते. त्यांना ही भारतीण मधेमधे नको होती. काकू एकट्या होत्या. आमचा सौदा सरळ होता: गोचिडी माझ्या, हरीण ओढायचं मी.

त्यांच्या घरात दोन नियम होते आणि ते पणजोबांपासून चालत आलेले. पणजोबांकडे ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, वर गोळी सारायची, की एक बार मिळणार. तो चुकला तर पुन्हा ठासेपर्यंत हरीण थोडंच थांबतंय? म्हणून त्या घरात शिकारीला जाताना एकच बार न्यायचा. काकूंची बंदूक चांगली आजची, नळी बिजागरीवर मोडून मागून काडतूस घालायची. तरीही सकाळी कपाटातून त्या एकच काडतूस काढायच्या आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून थोपटायच्या. दुसरा नियम असा, की मारलेलं जनावर जंगलात सोडून यायचं नाही. ओढणारं माणूस सोबत असेल तरच गोळी झाडायची. नवरा होता तोवर तो ओढायचा. तो गेल्यावर पुतण्या एकदा आला आणि पाठ धरून परत गेला. त्यानंतर काकू बंदूक घेऊन डोंगर चढायच्या, समोर हरीण दिसलं तर बघायच्या आणि तशाच खाली यायच्या. मी येईपर्यंत असंच चाललं होतं म्हणे.

त्यामुळे मला भारी महत्त्व आलं. थंडीतले बहुतेक शनिवार आम्ही डोंगरात असायचो. गोळी लागली की काकू आधी नळी मोडून रिकामं काडतूस काढायच्या, खिशात ठेवायच्या, मग हरणाजवळ बसून हात जोडायच्या. मी हातमोजे चढवून कानामागे चिमटा चालवायचे. मग दोरी. मी पुढे, दोरी छातीवरून घेऊन, आणि काकू मागे, हरीण कुठे अडकलं की वाकून ढकलायच्या. दोन डोंगरांच्या मधून, ओढ्यातून, देवदारांच्या अंधारातून आम्ही ते खाली आणायचो. बोलणं फार नाही. पण मागे कुणीतरी धापा टाकतंय, एवढंही मला पुरायचं. खाली आल्यावर मांसाचे दोन सारखे वाटे. मी खात नाही म्हटलं तर त्या म्हणाल्या, खायचं की नाही ते तू बघ, ओढणाऱ्याचा वाटा मी ठेवून घेणार नाही. माझे वाटे संस्थेतल्या सहकाऱ्यांच्या घरी जायचे. सोमवारी सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड वागायचे.

आणि मग तो जानेवारीतला शनिवार. रात्री बर्फ पडलेलं, वर निळंभोर आभाळ. काकूंनी एका घळीत मादी टिपली. सगळं नेहमीसारखं झालं. मी दोरी घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत कोळशाच्या जुन्या भट्टीपाशी फाटा आहे. डावीकडे आमची गाडी, उजवीकडे नुसती दरी. मी डावीकडे वळले तर मागून काकू म्हणाल्या, इकडे नाही, उजवीकडे. मी म्हटलं, गाडी डावीकडे आहे.

"त्याने खाली लावलीय," काकू म्हणाल्या. "वाट बघत असेल."

मी वळून बघितलं. त्या अगदी सहज, दरीकडे बोट दाखवून उभ्या होत्या. तो म्हणजे कोण, हे मला विचारायची गरज नव्हती. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी दोरी डावीकडे ओढली. थोड्या वेळाने मागून नेहमीच्या धापा ऐकू आल्या आणि मी स्वतःला समजावलं, म्हातारं माणूस, दमलंय, होतं असं.

गाडीशी पोचल्यावर काकूंनी बंदूक पाठीवरून काढली आणि गाडीत ठेवण्याआधी सवयीने नळी मोडली. आत काडतूस होतं. रिकामं नाही, भरलेलं. सकाळी त्यांनी एकाऐवजी दोन खिशात टाकली होती आणि हरीण पडल्यावर रिकाम्याच्या जागी दुसरं कधी घातलं ते त्यांना आठवत नव्हतं. ती भरलेली बंदूक पाठीवर घेऊन त्या अख्खा डोंगर माझ्या मागे वाकत, ढकलत उतरल्या होत्या. वाकलं की नळी पुढे येते. पुढे मी होते.

काकूंनी काडतूस काढून बराच वेळ तळहातावर धरलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. घरी येऊन आम्ही मांसाचे दोन सारखे वाटे केले.

त्यानंतर मला काम आहे असं सांगून मी एक शनिवार टाळला. दुसऱ्या शनिवारी काकूंनीच गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. आणि एका दुपारी गावच्या चौकीतला तरुण पोलीस माझ्या दारात आला. इथे बंदुकीचा परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागतो आणि तेव्हा पोलीस त्या माणसाच्या जवळच्या कुणाला तरी विचारून जातात. काकूंनी माझं नाव दिलं होतं.

मला मिनिटभर वेळ द्या म्हणून मी आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला, अगं मग खरं ते सांग ना, त्यात विचार कसला करायचा. टोकियोत बसून बोलायला काय जातंय! मी चहा टाकला. पोलीस बूट काढून उंबऱ्याशीच टेकला. त्याने विचारलं, दारू पितात का. नाही. कुणाशी भांडणं? नाही. रागीट आहेत का? मी म्हटलं, माझ्याइतक्या नाहीत. तो हसला.

"विसरतात का?" त्याने विचारलं.

नाही म्हणायला किती वेळ लागतो? नाही म्हटलं असतं तर पुढच्या थंडीत डोंगर होता, दोरी होती, मागे धापा होत्या. हो म्हटलं तर काकूंची बंदूक जाणार आणि माझे शनिवार मी माझ्याच हाताने संपवणार. त्या बाईचं दुसरं होतं काय? आणि माझं तरी काय होतं? एवढ्या-एवढ्या गोचिडींबद्दल अंदाजाने लिहायला मी धजत नाही, आणि इथे खोटं बोलायला निघाले होते. पाठीतून मला ती नळी जाणवत होती. मी त्याला फाट्याचं सांगितलं आणि काडतुसाचंही सांगितलं. त्याने दोनदा आभार मानले, बूट घातले आणि गेला. चहा तसाच राहिला.

दुसऱ्याच दिवशी मी काकूंकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळायला नको होतं. त्या कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी असलेल्या त्या ठेंगण्या मेजाच्या दुलईत पाय घालून संत्रं सोलत होत्या. मी उभ्या-उभ्याच एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी अर्धं संत्रं माझ्याकडे सरकवलं. मला त्यांचा रागच आला.

"माझं नाव कशाला दिलंत?" मी म्हटलं. "पुतण्याचं द्यायचं होतंत. तो सगळं ठीक आहे म्हणाला असता."

"म्हणूनच नाही दिलं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी नळीपुढे तू होतीस. ते सांगायचं की नाही, तूच ठरवायचं."

मी मटकन खाली बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. त्यांनी दुलईचं टोक माझ्या पायांवर ओढलं आणि संत्रं खा म्हणाल्या.

काकूंनी बंदूक स्वतःच नेऊन दिली. ती ठेवायचं लोखंडी कपाट तेवढं राहिलं, त्यात आता छत्र्या असतात. माझ्या गोचिडी हल्ली त्या टोळीवाल्यांकडून येतात, हरणांचे कापलेले कान पिशवीत भरून. काम चालतं. संध्याकाळी हीटर लावते, मुलाला फोन करते, तो हुंकार देतो.

शनिवारी आम्ही दोघी अजून डोंगर चढतो, रिकाम्या हातांनी. परवा घळीपाशी एक मोठा नर उभा होता, आमच्याकडे बघत. काकूंचा हात शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला. मोठा आहे, त्या म्हणाल्या, पण तू ओढला असतास. मी म्हटलं, हो, ओढला असता. तो त्याच्या सवडीने झाडीत गेला. आम्ही उतरायला लागलो. आता मी मागे चालते. भट्टीपाशी फाटा आला तशा काकू थांबल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला.